लंका ते अयोध्या, व्हाया बोरगाव

जोतिबाबुवा काकतीकरांचा राम सत्तावीस वर्षांत एकदाही उशिरा पोचला नव्हता.

बोरगावच्या राममंदिरात चैत्रातल्या उत्सवाचं शेवटचं कीर्तन दशमीला, राज्याभिषेकाचं. सकाळी नऊला बुवा गादीवर उभे राहत, दहापर्यंत पूर्वरंग, मग बुक्का लावणं आणि हारतुरे, आणि उत्तररंगात बरोबर अकराला ते पुष्पक विमान लंकेतून सोडत. देवळातल्या घंटेवर बाराचा पहिला टोल पडला की विमान नंदिग्रामी टेकलेलं असायचं. मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. बुवांची हाडंच तशी घडलेली. एकतीस वर्षं त्यांनी बेळगावच्या बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली होती. गाड्यांची नोंद ठेवायची आणि माईकवरून आधी कानडीत, मग मराठीत पुकारा करायचा. कीर्तनाला लागणारा आवाज त्यांनी तिथंच कमावला, असं त्यांचे पेटीवाले चिंतामणराव म्हणत. आणि कीर्तनाला लागणारी सहनशक्तीही तिथलीच, असं बुवा स्वतः म्हणत.

बोरगावात वेळ पाळण्याला आणखी एक कारण होतं. तिथं ‘भरत बसवायची’ चाल आहे. दशमीच्या सकाळी गावातला एक माणूस भरत होतो. देवळाच्या अंगणात दर्भासनावर बसतो, मांडीवर लाकडी पादुका, समोर पाच शेण्या आणि आंब्याची लाकडं रचलेली लहानशी चिता. बाराच्या आत राम आला नाही तर मी अग्नी जवळ करीन, असा संकल्प हातात पाणी घेऊन सोडतो. विमान उतरलं की तीच लाकडं उचलून हुग्गीच्या चुलीत घालतात आणि गव्हाच्या त्या खिरीला शेवटची उकळी येते. संकल्प दर वर्षी सोडत होते, लाकडं दर वर्षी चुलीत जात होती, आणि कुणाला त्यात भिण्यासारखं काही वाटत नव्हतं.

या साली भरत झाला होता भरमू. अक्काताईंचा थोरला, वय अठ्ठेचाळीस. अक्काताई म्हणजे उत्सवाच्या कर्त्या. पुढल्या साली कोणत्या बुवांना बोलवायचं हे त्यांच्या होकारावर. आणि भरमू म्हणजे शब्दाचा माणूस. एकदा मेव्हण्यानं त्याला थट्टेनं सांगितलं होतं, निपाणी स्टँडवर थांब, आलोच. भरमू दुसऱ्या दिवशी सकाळी तिथंच सापडला, बाकावर ताठ बसलेला.

आता बुवांच्या पोटातली गोष्ट सांगायला हवी. पहिल्याच साली, सत्तावीस वर्षांमागं, विमानप्रवास रंगात आलेला असताना बुवांच्या तोंडून निघून गेलं की, सीतामाईनं खाली बघितलं, म्हणाली, नाथा, ही दुधासारखी नदी कोणती? राम म्हणाले, ही दूधगंगा, आणि काठाला दिसतं ते बोरगाव. देवळात असा टाळ्यांचा पाऊस पडला की चिंतामणरावांची पेटी ऐकू येईना. हे कोणत्याच ग्रंथात नाही हे बुवांना पक्कं ठाऊक होतं. पण त्या दिवशी अक्काताईंचे मालक घरी गेले आणि दूधगंगेकाठच्या चार गुंठ्यांत त्यांनी पुन्हा कधी तंबाखू लावली नाही. सीतामाईची नजर पडलेली जागा, तिथं तंबाखू कशी लावायची? तिथं शेवंती लावली. मालक गेले, शेवंती राहिली, आणि ‘सीतामाईचा तुकडा’ म्हणून देवाचा आणि बुवांचा हार अजून तिथल्याच फुलांचा होतो. बुवांनी तो हार सत्तावीस वर्षं गळ्यात घातला आणि दर वेळी त्यांना तो थोडा टोचला.

शिवाय, चिंतामणरावांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं असं बुवा समजत, की त्यांची सीता काकतीत काकती बघते आणि खानापुरात मलप्रभा. हिशोब मांडला तर त्यांचं पुष्पक बेळगाव जिल्ह्यातल्या एक्केचाळीस गावांवरून गेलं होतं.

त्या दशमीला मध्यंतरात बुवांना बुक्का लावून झाला आणि पहिल्या रांगेतून अक्काताईंनी विचारलं की लंकेतनं अयोध्येला यायला विमानाला किती वेळ लागला. विचारण्यात खोच नव्हती. त्यांची नात, भरमूची आरोही, बेळगावच्या सांबरा विमानतळावर तिकीट तपासायला असते. तिनं महिन्यापूर्वी आजीला सांबऱ्याहून मुंबईला विमानानं नेलं होतं. अक्काताई खिडकीला नाक लावून बसल्या, बोरगाव दिसेल म्हणून. ‘दूधगंगा कुठली गं’ असं विचारून होईतो दूधगंगा मागं पडलेली. तेव्हापासून त्यांना एकच घोर लागला होता.

बुवांनी नेहमीचं उत्तर दिलं. पुष्पक मनाच्या वेगानं जातं, निमिषार्धात.

अक्काताईंनी मान हलवली. “मग बुवा, तेवढ्या येगात सीतामाईला आमचा तुकडा दिसला कसा? मला तर सादं मुंबईचं इमान, त्यात नदीबी गावली न्हाय.”

खरोखरच हा पेच होता. विमान वेगात धरावं तर सीतेला काही दिसत नाही. सीतेला दिसायला हवं असेल तर वेग धरता येत नाही. बुवांनी चिंतामणरावांकडे पाहिलं, चिंतामणरावांनी पेटीच्या पट्ट्यांकडे.

मग आरोहीनं फोन काढला. बिचारीचा हेतू चांगला होता. तिनं सांगितलं, नेटवर एक पान आहे, त्यात जगातले कोणतेही दोन विमानतळ घाला, मधलं अंतर आणि लागणारा वेळ येतो. कोलंबो ते अयोध्या, दोन हजार एकशे पंच्याऐंशी किलोमीटर, सव्वातीन तास. कुणीतरी विचारलं, असं विमान जातं का? आरोही म्हणाली, “थेट जात न्हाय. पण अंतर हाय.”

बुवांना एरवी हे वाक्य कीर्तनात घ्यावंसं वाटलं असतं. वैकुंठाचंही तसंच आहे म्हणता आलं असतं. पण त्यांच्यातला कंट्रोलर आकडेमोडीला लागला होता. बाराला पोचायचं, सव्वातीन तास लागणार, म्हणजे गाडी पावणेनऊला सुटायला हवी होती. पावणेनऊला बुवा अक्काताईंच्या सोप्यात दूध पीत बसले होते. आणि आत्ता सव्वादहा वाजले होते आणि रावण अजून जिवंत होता.

“आणि सरळ वाट बोरगाववरनं येत न्हाय,” आरोही पुढं म्हणाली. सरळ रेघ आंध्रातून जाते. व्हाया सांबरा धरलं तर कोलंबो ते बेळगाव एक तास पंचावन्न मिनिटं, बेळगाव ते अयोध्या दोन तास वीस. सगळे मिळून सव्वाचार तास.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की व्हाया सांबराच. तुकड्यावरून न जाणाऱ्या विमानात बोरगावला काय रस?

बुवांनी रावण घाईघाईनं मारला. दर वर्षी दहा तोंडांचा एकेक स्वभाव सांगून मारत, यंदा दहाही तोंडं एका बाणात. सीतेची भेट झाली, बिभीषणानं विमान आणलं, आणि अकराच्या ठोक्याला पुष्पक लंकेतून उठलं. आता एका तासात सव्वाचार तासांचा प्रवास. बुवांनी झांजेचा ठेका वाढवला. सेतू ओलांडला, समुद्र ओलांडला, आणि किष्किंधेचं नाव तोंडात येतंय तोच मागून एका म्हाताऱ्यानं आरोहीला विचारलं की आत्ता कुठवर आलं असंल. आरोहीनं फोनवर बोट फिरवलं आणि ओशाळून सांगितलं, अजून तामिळनाडू सुटलेलं नाही.

बुवा तामिळनाडूवर थांबले. काय करणार? श्रोत्यांनी विमान हवेत धरून ठेवलं होतं. पाऊण वाजेपर्यंत किष्किंधा येत नव्हती, म्हणून बुवांनी सुग्रीवाचं आख्यान पुन्हा सांगितलं, त्यात पोटआख्यान घातलं, त्या पोटआख्यानाला आणखी एक पिल्लू घातलं. चिंतामणराव भात्याच्या तालावर कुजबुजले, “बुवा, बाहेर भरमू हाय.”

बाहेर भरमू होता. त्याला आतलं दिसत नव्हतं, पण कर्ण्यातून सगळं ऐकू येत होतं. मध्यंतरातला वाददेखील.

बाराचा पहिला टोल पडला. सत्तावीस वर्षांत प्रथमच त्या टोलाला विमान खाली नव्हतं. बारावा टोल विरला, आणि अंगणातून भरमूचा अगदी साधा, दुकानात मीठ मागावं तसा आवाज आला.

“जरा काडीपेटी द्या कुणीतरी.”

कुणी दिली नाही. आचाऱ्यानं आपली काडीपेटी चटकन पातेल्याखाली सरकवली. भरमू रागावला नाही. तो म्हणाला, पाणी सोडलंय, शब्द हाय, माझं काय न्हाय. आणि उठून अंगणातल्या समईकडे निघाला. त्याला अडवायला लोक उठणार, तर उठायचं कसं? कीर्तनातून आरतीआधी उठू नये. बोरगावात तो नियम असा पाळतात की एकदा मंडपात साप निघाला तेव्हा लोकांनी पाय वर घेतले होते, पण जागा सोडली नव्हती. आणि आरती करायची तर राम यायला हवा. राम तामिळनाडूवर.

अक्काताईंचा चेहरा शेवंतीसारखा पिवळा पडला. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, “भरमू, बस रं बाळा.”

“आई, बारा वाजलं.”

बुवांच्या हातातली झांज थांबली. त्यांना कळून चुकलं की हा लेकरासारखा माणूस त्यांच्या एका टाळीच्या वाक्यापायी समईकडे चालला आहे. वळसा काढून टाकला तरी वेळेत पोचणं नव्हतं. पण निदान एक तास वाचला असता, आणि मुख्य म्हणजे खोटं वाचलं असतं. त्यांनी नारदाच्या गादीवर उभं राहूनच हात जोडले. हार काढून हातात घेतला. पुढल्या सालचं बोलावणं गेलं हे मनाशी धरून ते बोलले. बोरगाव ग्रंथात नाही. सीतामाईनं दूधगंगा बघितली हे माझ्या पदरचं आहे. सत्तावीस वर्षं मी टाळीसाठी तुम्हाला ते सांगितलं. विमान सरळच गेलं असणार. मला वळसा माफ करा.

अक्काताई म्हणाल्या, “ते ठाव हाय की आमास्नी.”

बुवांनी मान वर केली.

“माझी भावजय काकतीची. तिथं तुमी काकती दाखवता. खानापूरला मलप्रभा दाखवता. आमच्या मालकांस्नीबी ठाव हुतं. ते म्हणायचे, बुवांनी पदरचं खर्चून आमचं गाव दाखवलं, ग्रंथातलं फुकटचं दाखवून काय मोठेपण?” त्यांनी पदर सावरला. “दाखवायचं ते दाखवा बुवा. वळसा काढू नका. पण वळसा घेतला तर त्याचा येळ धरा. आन माझ्या पोराला वाचवा. दोन्ही करा.”

दोन्ही करा. बसस्टँडवर एकतीस वर्षं लोकांनी बुवांना हेच तर सांगितलं होतं. गाडी गावावरून न्या आणि वेळेवरही आणा. आणि तिथंच बुवांना एक गोष्ट शिकायला मिळाली होती: प्रवासी गाडी उशिरा येण्यावर चिडत नाही, उशीर कुणी सांगत नाही यावर चिडतो. चार तास बसवून ठेवा. पण पुकारा करा.

पुकारा. आणि हे तर ग्रंथातच होतं. रामानं स्वतः पोचायच्या आधी मारुतीला पुढं पाठवलं होतं, भरताला वर्दी द्यायला. दर वर्षी विमान इतकं वेळेवर यायचं की मारुतीचं कामच पडत नसे. बुवा त्याला एका ओळीत उरकत. आज त्याचीच वेळ होती.

भरमू समईतली पेटती वात चिमटीत धरून चितेकडे वळला होता. बुवांनी हार पुन्हा गळ्यात घातला, डोळे मिटले, आणि कीर्तनाचा नव्हे, स्टँडचा आवाज काढला.

“प्रयाणिकर गमनक्के.” कानडी पुकारा ऐकताच सवयीनं देवळातल्या निम्म्या लोकांनी पिशव्या सावरल्या. “प्रवाशांनी लक्ष द्यावं. नंदिग्रामी बसलेल्या भरतानं विशेष लक्ष द्यावं. मी अंजनीसुत मारुती, रामरायाच्या आज्ञेवरनं पुढं आलोय. लंकेहून सांबरा, बोरगावमार्गे अयोध्येला येणारं पुष्पक विमान आज सव्वातीन तास उशिरा धावत आहे. सीतामाईला वाटेत एक तुकडा बघायचा आहे. गैरसोयीबद्दल रामराया दिलगीर आहेत.”

अंगणात पाऊल थांबलं.

“म्हंजे कधी येतंय?” भरमूनं विचारलं.

“सव्वातीनला.”

“नक्की निघालंय न्हवं?”

“अकरालाच निघालंय, भरता. वाटंत हाय.”

भरमूनं विचार केला. त्यानं वात जागेवर ठेवली, हाताचं तेल पायाला पुसलं आणि तो दर्भासनावर जाऊन बसला. “निघालंय म्हटल्यावर बसतो,” तो म्हणाला.

आणि मग देव साक्षी आहे, सगळं बोरगाव बसलं. आरती नाही तर उठायचं नाही. हुग्गी चुलीवर आटली, तिच्यात दोनदा दूध वाढवलं. तांब्यानं पाणी हातोहात फिरलं. बुवांचा घसा बसला तेव्हा बायकांनी रामनामाचा गजर उचलला, बायका दमल्या तेव्हा पुरुषांनी. पाऊण वाजता किष्किंधा आली, सीतेनं वानरांच्या बायकांना विमानात घेतलं. तेवढ्या बायका चढायला लागणारा वेळ आरोहीच्या पानात धरलेला नव्हता, तो बुवांनी पुढं भरून काढला. बाराला जे घाबरले होते ते एकला विमानातच बसल्यासारखे झाले. एक आजोबा सतरंजीच्या कडेवरून खाली वाकून बघत होते.

पाच मिनिटं कमी एकला पुष्पक सांबऱ्याला टेकलं, सीतामाईनं घोटभर पाणी घेतलं. एक वाजून दहा मिनिटांनी आरोही हळूच म्हणाली, आलं बघा.

बुवांनी आवाज खाली आणला. सीतामाई म्हणाली, नाथा, जरा हळू घ्या. खाली दूधगंगा. सगळीकडे तंबाखूची हिरवी शेतं, आणि मधेच चार गुंठे पिवळेधमक. हे काय हो? राम म्हणाले, तुझी एकदा नजर पडली म्हणून एका माणसानं तंबाखू सोडली, ती ही शेवंती. अक्काताईंनी पदर डोळ्यांना लावला. बुवांनाही आवरेना, आणि जे ठरवलं नव्हतं ते तोंडून गेलं. सीतामाईला देवळाचं अंगण दिसलं. म्हणाली, अहो, भरतभावोजी तर अयोध्येत. मग पादुका घेऊन उन्हात बसलेला हा कोण? राम म्हणाले, हा बोरगावचा भरत. सीता म्हणाली, मग ह्यालाही भेटायला हवं. चिंतामणरावांनी पेटीआडून बुवांच्या धोतराला हिसडा दिला. आणखी एक थांबा म्हणजे आणखी पाऊण तास. बुवा सावध झाले. राम म्हणाले, आत्ता तिकडचा भरत खोळंबलाय. परत जाताना विमान इथं थांबवू.

सव्वातीनला पुष्पक नंदिग्रामी उतरलं. शंख वाजला, भरमूनं पादुका डोक्यावर घेतल्या, लाकडं चुलीत गेली, आरती झाली. इतक्या उशिराची आणि इतकी घट्ट हुग्गी बोरगावनं कधी खाल्ली नव्हती. अक्काताईंनी बुवांच्या हातावर नारळ ठेवला आणि सांगितलं की पुढल्या साली पहाटेच निघा.

बुवा आणि चिंतामणराव पाचच्या गाडीसाठी निघाले. अंगणातून जाताना बुवा थबकले. भरमू अजून दर्भासनावरच होता. मांडीवर पादुका, बाजूला हुग्गीचा द्रोण, नजर वर. आरोही त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती.

बुवांनी विचारलं, “भरमू, अजून?”

“परत जाताना थांबणार म्हणालं न्हवं.” तो सरळ बोलला. “टाइम काय हाय त्याचा?”

चिंतामणराव घड्याळ दाखवायला लागले. गाडी चुकली असती. बुवांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आकाशाकडे. रामानं पुष्पक कुबेराकडे परत धाडलं, हे ग्रंथात आहे. कुठल्या वाटेनं, हे नाही. थेट जात नसेल. पण अंतर आहे. आणि शेवटची गाडी लागल्याशिवाय कंट्रोलरनं स्टँड सोडायचा नसतो.

“अजून सुटलं न्हाय,” बुवा म्हणाले. त्यांनी उपरणं झटकून खाली अंथरलं आणि भरमूच्या शेजारी मांडी घातली. “सुटलं की पुकारा करतो.”